श्वास सोड, कृष्णात

पडणं

शिवलीला पडत होती, आणि मध्येच कुणीतरी तिला झेललं.

खरं तर तिला पडायचंच होतं. रिंगच्या खांबावर उभं राहून, मागं कलंडून, खाली अंथरलेल्या गादीवर, पाठीवर. तिचं कामच ते. सिनेमात नायिका गच्चीवरून, घोड्यावरून, चालत्या जीपमधून पडते तेव्हा पडणारी शिवलीला असते; नायिका तोवर छत्रीखाली बसून नारळपाणी पीत असते. पण दारात चपला काढत असलेल्या त्या आडदांड माणसाला हे कुठं ठाऊक? त्याला दिसली ती उंचावरून कलंडणारी मुलगी. तो धावला. गादीवर दोघं एकदमच कोसळले, आणि तिच्या कानाशी त्याचा धापा टाकणारा श्वास… त्याला ओल्या मातीचा वास होता.

"सोडा, पावणं," ती म्हणाली.

"पडत हुता की तुम्ही."

"पडायचंच होतं."

तो उठून बसला. विचारात पडला. मग अगदी मनापासून म्हणाला, "का?"

ह्या 'का'ला काय सांगायचं? बाहेर आषाढ नुसता चिकटून बसला होता. आषाढात लग्नं नसतात, म्हणून कोल्हापूरबाहेरचं ते मंगल कार्यालय सिनेमावाल्यांनी सरावाला घेतलेलं. पंगती बसायच्या तिथं आता दोरांची रिंग. मागच्या स्टेजवर कुणाच्यातरी लग्नातली थर्माकोलची 'शुभविवाह' अक्षरं अजून तशीच, 'भ' तेवढा गळून पडलेला. मुंबईच्या एका कंपनीचा कुस्तीचा शो कोल्हापुरात यायचा होता, झगमगाटातला, ज्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं असा. कोल्हापुरी पैलवानावरचा एक सिनेमाही त्याच सुमारास लागणार होता. दोघांनी हात मिळवले. शेवटच्या कुस्तीत सिनेमाचा हिरो विश्वजित स्वतः उतरणार आणि एका खऱ्या पैलवानाला चीत करणार.

खरा पैलवान म्हणजे हाच. कृष्णात, गडमुडशिंगीचा. आणि शिवलीलाला नेमलं होतं ते त्याला पडायला शिकवायला.

न पडणं

त्याला पडता येईना.

विश्वजित त्याला खांद्यावर उचलायचा, आपटायचा, आणि कृष्णात हवेतल्या हवेत वळून पोटावर यायचा. दर वेळी. तो मुद्दाम करत नव्हता. लहानपणी पिराजी वस्तादांनी तालमीच्या हौद्यात, लाल मातीत, उतरवल्यापासून त्याच्या अंगाला एकच गोष्ट शिकवलेली, पाठ टेकू द्यायची नाही. त्याचं डोकं आता 'पड' म्हणत होतं आणि पाठ ऐकत नव्हती.

"मांजर आहेस का?" शिवलीला वैतागून म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं ते तिथं.

"चुकलो," तो म्हणाला. आणि परत पोटावर पडला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला सगळं सांगितलं. उजवा गुडघा गेल्यापासून मोठ्या कुस्त्या सुटल्या होत्या. आता तो पहाटे हौद्यातली माती खणायचा आणि पोरांना डाव सांगायचा. तेवढंच उरलं होतं… पण तेवढं होतं. शोचं विचारायला गेला तर वस्तादांनी आधी त्याचा गुडघा दाबून बघितला. मग म्हणाले, जा, खेळ हाय त्यो. फक्त मातीत खोटं पडायचं न्हाय. मातीत खोटा पडलास तर माझ्या हौद्यात पुन्हा पाय ठेवायचा न्हाय.

शिवलीलानं रिंगच्या काठावर थाप मारली. फळ्या, फोम, कापड.

"इथं माती कुठंय, कृष्णात?"

त्यानंही थाप मारून बघितली, दोनतीनदा, बैल घेताना माणूस बघतो तशी. मग हसला. पहिल्यांदाच.

दुपारी ती रिंगमध्ये त्याच्या मागं गुडघ्यावर बसली आणि उजवा तळहात जमिनीवर उताणा ठेवला. "माझ्या हातावर पड."

"हात मोडंल."

"मग तू वळू नकोस. वळलास तर कोपर लागेल मला." आणि मग हळू आवाजात, "श्वास धरून ठेवतोस तू. धरला की आत सगळ्याला हिसका बसतो. सोडायचा. असा." तिनं ओठांचा चंबू करून फुंकर मारली.

"चुलीला मारत्यात तशी?"

"दिव्याला मारतात तशी."

ती फुंकर मारी, तो श्वास सोडी. कितव्या खेपेला कोण जाणे, त्याची पाठ आली. घामानं भिजलेली, रुंद, गरम… तिच्या तळहातावर येऊन टेकली. तो छताकडं बघत राहिला. तिनं हात काढला नाही.

"लागलं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग काढ की हात."

"तू ऊठ की आधी."

दोघंही हलले नाहीत. वर पत्र्यावर पाऊस.

मधलं सगळं

म्हणजे हे, की त्याचे कान कुस्तीनं मोडून भज्यांसारखे झाले होते, आणि तिनं एकदा विचारलं, ह्यांनी ऐकू येतं का? तो म्हणाला, चांगलं बोललेलं येतंय.

म्हणजे हे, की लांब बाह्यांखाली लपवलेली तिच्या दंडावरचे काळेनिळे वळ त्यानं पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तालमीतलं तेल आणलं. तिनं स्वतःच लावलं. तो दुसरीकडं बघत होता, इतक्या जोरानं दुसरीकडं बघत होता की तिला हसू आलं.

म्हणजे हे, की तो म्हणाला, "ह्याच हॉलात चुलतभावाचं लगीन झालं. मी वाढायला हुतो. आमटी सांडलो, बरोबर तू बसलीस तितं."

"अरे देवा."

"आता परत कुणाचं लगीन असलं हितं, तर—"

"तर काय?"

"तर वाढायला न्हाय यायचो."

ती गडहिंग्लजची. मुंबईत राहून बोलणं गुळगुळीत झालेलं, पण त्या संध्याकाळी ती अव्वाला, आईला, फोनवर कानडीत काहीतरी भरभर सांगत राहिली, आणि अव्वानं विचारलं की आज तुझा आवाज असा का.

अव्वा तिचा प्रत्येक सिनेमा बघायची आणि विचारायची, ह्यात तू कुठली? शिवलीला सांगायची, ती पाठमोरी. ती, जिचं तोंड केसांनी झाकलंय. फाइट मास्टरनी आता शब्द दिला होता, हा शो नीट पार पडला की पुढच्या सिनेमापासून शिवलीला त्यांची असिस्टंट. पडद्यावर नाव. तोंड नाही, पण नाव.

एका हातात ते नाव होतं. दुसऱ्या हातात कृष्णातची पाठ. तोवर दोन्ही हात पुरत होते.

टेम्पो

शोच्या दिवशी सकाळी मैदानावर टेम्पो आला. मागचा फाळका पाडला, आणि त्यातून लाल माती घसरली.

शिवलीलाला आधी वास आला. ताक, हळद, तेल, लिंबू. कुठल्यातरी बंद पडलेल्या तालमीच्या हौद्यातली होती. पिढ्यांचा घाम मुरलेली, अस्सल. दिग्दर्शकाला रात्रीतून सुचलं होतं. कोल्हापूर आहे, कापडावर कसली कुस्ती? रिंगमध्ये माती पसरा.

मास्टर तिच्याजवळ येऊन म्हणाले, त्या पोराला आत्ताच काही बोलू नकोस. बिथरेल. एकदा रिंगमध्ये आला की करेल. तू शिकवलंयस ना? मग सांभाळ.

जे झालं नाही ते

ती त्याला मंडपामागं गाठते. म्हणते, कृष्णात, माती टाकताहेत. तो म्हणतो, मग मी न्हाय जात. ती म्हणते, नको जाऊस. मास्टर तिला ओरडतात, नाव जातं, विश्वजित दुसऱ्या कुणालातरी पाडतो. आणि ती दोघं भर पावसात त्याच्या मोटरसायकलवरून निघतात, आणि ती त्याच्या पाठीला—

असं काही झालं नाही.

झालं ते असं. दुपारी तो आला, तेलाची बाटली घेऊन. "आज लागंल तुला. दिवसभर पळापळ हाय." तिनं बाटली घेतली. तोंड उघडलं.

"जेवलास का?" ती म्हणाली.

माती

पत्र्याचा मंडप माणसांनी गच्च. पुढच्या रांगेत पिराजी वस्ताद, सिनेमावाल्यांनी सत्काराला बोलावलेले. फेटा, खांद्यावर नवी शाल, म्हाताऱ्या गुडघ्यांवर दोन हात. मोठ्या आवाजात गाणं, धूर, आणि धुरातून कृष्णात आला.

दोरांत शिरला आणि सवयीनं वाकला. चिमूट उचलून कपाळाला लावली. मग थांबला.

चिमटीकडं बघितलं. पायांखाली बघितलं. वस्तादांकडं बघितलं. आणि शेवटी रिंगच्या कोपऱ्यात खाली उभ्या असलेल्या तिच्याकडं.

शिवलीलानं नजर वळवली असती तर बरं झालं असतं. तिनं नाही वळवली, आणि त्याला सगळं कळलं.

घंटा वाजली. विश्वजितनं त्याला उचललं, फिरवलं, टाकलं. कृष्णात हवेत वळला आणि पोटावर पडला. माणसं ओरडली. कोल्हापूरला कुस्ती कळते. पाठ टेकली नाही हे अगदी मागच्या रांगेतल्या पोरालाही दिसलं. पुन्हा उचललं. पुन्हा पोटावर. आता माणसं उभी राहून शिट्ट्या मारायला लागली, विश्वजितच्या कपाळाला घाम फुटला, आणि मास्टरनी मागून तिच्या खांद्यावर बोटं रुतवली.

"शिवलीला. नाव हवंय ना?"

तिसऱ्यांदा कृष्णात वर गेला. वर, विश्वजितच्या खांद्यावर आडवा, मान उलटी. आणि तिथून त्यानं तिच्याकडं बघितलं. विचारत होता. नाही म्हण, म्हणत होता… की हो म्हण? तिला आजही सांगता येत नाही.

तिनं ओठांचा चंबू केला.

फुंकर मारली.

त्यानं श्वास सोडला.

इतकं सुंदर कुणी पडलेलं तिनं आजवर पाहिलं नाही. पाठ पूर्ण, दोन्ही खांदे एकदम, हात पसरलेले. लाल माती उडाली. पुढच्या रांगेतून पिराजी वस्ताद उठले. शाल काढली, नीट चौघडी करून खुर्चीवर ठेवली. बाहेर गेले.

बाहेर

तो मंडपामागं मोटरसायकलजवळ होता, उघडाच. पाऊस लागला होता, पण माती निघत नव्हती. तेल मुरलेली माती, पावसाला दाद देईना. उलट गडद होत चालली होती.

तिनं ओढणीचा शेव हातात घेतला आणि त्याच्या पाठीकडं हात नेला. तो पुढं सरकला. फार नाही, हातभर.

"राहू दे."

"कृष्णात—"

"तुला म्हाईत हुतं?"

मुंबईचं सगळं गुळगुळीत बोलणं तिच्या जिभेवरून गळून पडलं. "व्हय. सकाळधरनं."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यामुळं पडलो म्हणू, का तुझ्यासाठी पडलो म्हणू? काय म्हटलं म्हंजे घरी जाता येईल, तेवढं सांग."

तो गाडीवर बसला. गडमुडशिंगीच्या रस्त्याला लागेपर्यंत ती लाल पाठ दिसत राहिली, मग पाऊस दिसत राहिला.

(इथं वर्ष जातं)

फोन लागायचा. तो उचलायचाही. "बोल," म्हणायचा. मग दोघंही काही बोलायचे नाहीत.

कट्टा

नाव आलं. गडहिंग्लजच्या थेटरात अव्वानं ते बोट दाखवून शेजारच्या बाईला वाचायला लावलं. शिवलीलाला वाटलं होतं, काहीतरी वाटेल.

दुसऱ्या दिवशी तिनं कोल्हापूरची एसटी धरली आणि तिथून गडमुडशिंगी. तालीम शोधावी लागली नाही. दार उघडं, आतून मातीवर अंगं आपटल्याचा धप्प धप्प आवाज. दाराबाहेरच्या कट्ट्यावर कृष्णात बसला होता, आत पाठ करून, आणि नुसत्या आवाजावरून डाव सांगत होता. "गुंडू, मान वर. वर म्हंतोय मी. पाय धरला असशील त्येचा, सोड." आता तो दूध संघाच्या गाडीवर कामाला होता, तिथला निळा शर्ट अंगात होता. आत जायची मनाई होती, आणि यायचं सोडणंही त्याला जमलं नव्हतं.

त्यानं तिला बघितलं. उठला नाही.

ती दारापाशी जाऊन थांबली. उंबऱ्यावर हळदकुंकू होतं. तिला ठाऊक होतं, ह्या तालमीत बाई उंबरा ओलांडत नाही.

"माझं नाव आलं पडद्यावर," ती म्हणाली.

"बघितलं."

"कधी?"

"दोनदा गेलतो. पाटी लवकर जाती." तो आपल्या मोडक्या कानाला हात लावत राहिला. "पयल्यांदा निम्मंच वाचून झालं. मग परत गेलो."

तिचे डोळे भरले. रडायचं नाही, असं ठरवून आली होती. तिनं श्वास धरला. घट्ट धरला.

त्यानं ते पाहिलं. मग अगदी हलकेच, दिव्याला मारावी तशी, त्यानं फुंकर मारली.

आतून पिराजी वस्तादांचा खोकला ऐकू आला. कुणी हाक मारली नाही. मारणारही नव्हतं.

"आत मला जाता येत न्हाय," कृष्णात म्हणाला. "तुलाबी न्हाय."

त्यानं कट्ट्यावरचा डबा उचलून पलीकडं ठेवला. जागा झाली, एका माणसापुरती.

"बस की."