परक्या हातचं

सुट्टीसाठी भाड्यानं घेतलेल्या घरात फार मांडामांड करू नये, असं माझं मत आहे. तांदूळ, मुगाची डाळ, बेसन, कांदे आणि घरचं तिखट एवढं जवळ असलं की पुरतं. खिचडी, पिठलं, वरण-भात, शिळा भात उरला तर फोडणीचा भात. कुकर एकदा लावायचा, कढई एकदा ठेवायची आणि उरलेला वेळ गॅलरीत बसायचं. धायरीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी हाच बेत ठरवून गेले होते.

मी अकोल्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझी मुलगी स्वराली पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत तिला प्रोजेक्टमुळे घरी येता आलं नाही, म्हणून दिवाळी सरल्यावर मीच रजा घेतली. नवऱ्याला बँकेतून सुट्टी मिळत नव्हती. तेव्हा वडलांना बरोबर घेतलं आणि स्वरालीला होस्टेलवरून बोलावलं. आठवडाभर तिघं एकत्र राहायचं, सिंहगड बघायचा, दगडूशेठला जायचं, एवढंच.

बाबांना सोबत घेणं भागच होतं. ज्ञानदेव मास्तर म्हणून सगळी शाळा ज्यांना ओळखायची, त्यांना आता माणसांचे चेहरे ओळखू येत नव्हते. मला बघून ते 'कोण होय?' असं विचारायचे. पण मी वाढलेल्या ताटातला पहिला घास तोंडात गेला की मान वर करून म्हणायचे, "अपू आली काय?" हे रोज व्हायचं, दोन्ही वेळा. डॉक्टर म्हणाले होते की चवीची आठवण सगळ्यांत शेवटी जाते. त्यामुळे बाबांना बाहेरचं खायला घालायचं मी टाळत असे.

फ्लॅट नवा होता. पाचवा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा दिसायचा. ओटा स्वच्छ, शेगडी चकचकीत, भांडी घासून पालथी घातलेली. मालक दत्तप्रसाद नावाचे गृहस्थ, ते फक्त फोनवर भेटले. "घरासारखं राहा. स्वयंपाकघर बिनधास्त वापरा. सगळे पाहुणे वापरतात," असं त्यांनी आवर्जून सांगितलं.

पोचलो त्या संध्याकाळी मी खिचडी लावली. कुकर उघडला तेव्हा वास थोडा वेगळा वाटला, ओल्या नारळासारखा. नारळ घरात नव्हता. मी ताटं वाढली. बाबांनी घास घेतला, सावकाश चावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगली झाली." अपूचं, म्हणजे माझं, नाव त्यांनी घेतलं नाही.

प्रवासानं थकले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पिठलं केलं. आमच्याकडचं पिठलं म्हणजे लसूण, हिरवी मिरची आणि वर तेलाचा तवंग. त्यात गोड काही नसतं. स्वरालीनं भाकरीचा तुकडा बुडवला आणि थांबली.

"आई, यात गूळ टाकलास?"

"गूळ आणलेलाच नाही मी."

"आमसूल पण लागतंय. म्हणजे tasty आहे, actually खूप छान आहे. पण तुझं नाही वाटत."

मी चाखून बघितलं. तिचं बरोबर होतं. लसूण मी स्वतः ठेचला होता, तरी जिभेला तो लागत नव्हता. लागत होतं ते आंबटगोड, निवांत, कुणा दुसऱ्याच घरातलं काहीतरी. बाबांनी दोनदा मागून घेतलं आणि ताट पुसून खाल्लं. "बाई, हात चांगला हाय तुमचा," ते मला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'तुमचा' म्हटलं.

माझा पहिला संशय ओट्यावरच्या डब्यांवर गेला. आधीच्या पाहुण्यांनी मीठ, साखर, हळद ठेवून दिली होती. मी तो सगळा ऐवज कचऱ्यात टाकला. धायरी फाट्यावरून नवं मीठ आणलं, तेलाची नवी पिशवी, पाण्याचा बाटला. तिखट आणि काळा मसाला अकोल्याहून आणलेलाच होता. नवी कढई घेतली आणि दुकानातून आल्या आल्या घासली. वरण-भात केला.

वरणाला खोबऱ्याचा वास होता.

मग मी माणसांवर संशय घेतला. आम्ही फिरायला गेल्यावर कुणी घरात शिरत असेल का? दत्तप्रसादांचा रोज दुपारी मेसेज यायचा: 'आज काय केलंत?' आधी ते आपुलकीचं वाटलं होतं, आता खटकायला लागलं. मी फोन लावला आणि घराची किल्ली आणखी कुणाकडे आहे ते विचारलं.

"एक माझ्याकडे, एक समोरच्या रंगनाथ काकांकडे. का हो, काही गेलं का?"

"गेलं नाही काही."

"मग?"

 "तुमच्या या घरात आधी कोण राहत होतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. बिल्डरकडून ताबा घेतला तो पाहुण्यांसाठीच. तुमच्यासारखेच सगळे, चार दिवस राहून जातात." मग त्यांनीच विचारलं, "जेवण जमतंय ना?"

मी फोन ठेवला. त्यानंतर बाहेर जाताना मी आतल्या दाराच्या कडीत केस अडकवून गेले. परत आल्यावर केस होता तसाच होता. भात मात्र पुन्हा खोबऱ्याच्याच चवीचा झाला.

प्रयोगशाळेत आम्ही एकेक घटक वगळत जातो. म्हणून एका सकाळी मी स्वरालीला ओट्यापाशी उभं केलं आणि स्वतः बाहेर गॅलरीत जाऊन बसले. तेच तांदूळ, तेच तेल, तीच कढई. तिनं फोडणीचा भात केला. मोहरी जळाली, मीठ कमी पडलं, कांदा कच्चा राहिला. बाबांनी घास घेतला आणि हसले.

"स्वरा, मीठ टाकत जा वं पोरी."

स्वराली टाळ्या वाजवायची बाकी होती. मी मात्र त्या कच्च्या कांद्याकडे बघत राहिले. पाणी ठीक होतं, भांडी ठीक होती, घर ठीक होतं. वगळता वगळता एकच घटक उरला होता, आणि तो मी होते.

त्याच दिवशी दुपारी मी वांग्याची पातळ भाजी करायला घेतली. ही भाजी मला आईनं शिकवली. बाबांनी ती इतकी वर्षं खाल्ली की झोपेतसुद्धा ओळखतील. मी प्रत्येक गोष्ट हातात घेऊन, बघून टाकली. शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला, दोन चमचे तिखट. तर्री वर आली. रंग लालभडक, अगदी आमच्या घरचा. ठसक्यानं स्वराली खोकत बाहेर पळाली, तेव्हा मला हायसं वाटलं.

मी पळीनं थोडा रस हातावर घेतला आणि चाखला.

तिखट नव्हतंच. रंग तिखटाचा होता आणि चव गुळाची.

बाबा ताटावर बसले होते. मी वाढलं. त्यांनी जेवून हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मला नमस्कार केला. शाळेत पालक भेटायला आले की ते करायचे, तसा.

"आनंदीबाई, भाजी मस्त झाली. पण आमची अपू कुठी गेली? कवाची दिसली नाही."

"बाबा, मीच अपू हाय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. चिडले नाहीत. अनोळखी माणूस आपल्याला फसवतोय हे कळूनही चारचौघांत बोलू नये, तसे गप्प झाले आणि खुर्ची ओढून स्वरालीजवळ जाऊन बसले.

आनंदी नावाचं आमच्या नात्यात कोणी नाही. त्यांच्या शाळेतली कुणी असेल, असं मी धरून चालले.

संध्याकाळी कचरा ठेवायला दार उघडलं तर समोरचे रंगनाथ काका जिन्यात उभे. पेठेतून इकडे राहायला आलेले आणि धायरीला त्याबद्दल अजून माफ न केलेले असे हे गृहस्थ. एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

"आपण नवीन का?" त्यांनी विचारलं.

"हो. सोमवारी आलो."

"अस्सं. मला वाटलं त्या अजून आहेत. वासावरून." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "आधीच्या पाहुण्या होत्या, राजापूरच्या. सुनेच्या बाळंतपणाला आल्या होत्या, मुलाकडे जागा नाही म्हणून इथं. आमसुलाची आमटी करायच्या. आमची ही गेल्यापासून तसा वास या मजल्यावर दुसरा आला नव्हता, म्हणून लक्षात राहिलं."

"त्यांचं नाव काय होतं?"

"आनंदीबाई," काका म्हणाले. "सुरुवातीला त्याही तक्रार करायच्या, की इथं आमटी बिघडते. वास आमसुलाचा आणि चव लसणाची म्हणे. नंतर काही बोलल्या नाहीत. पाहुण्यांनी तक्रारी करायच्याच असतात."

स्वराली माझ्या मागे उभी होती. तिनं माझा दंड धरला.

"आई, आजोबांना हे नाव कोणी सांगितलं?"

मी आत जाऊन बॅगा भरायला घेतल्या. दोन दिवस बाकी होते, पण मला त्या ओट्यापुढे पुन्हा उभं राहायचं नव्हतं. स्वरालीनं एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही. उलट तिनंच आम्हा दोघांची सकाळच्या गाडीची तिकिटं काढली आणि रिक्षा ठरवली.

निघताना मी शेगडी बघितली. बंद. सिलिंडर बंद. ओटा कोरडा. भांडी पालथी. किल्ली रंगनाथ काकांकडे दिली, काही लागलं तर म्हणून माझा नंबरही दिला.

बाबा हलेनात. स्वयंपाकघराच्या दारात ते चौकटीला धरून उभे होते.

"चला बाबा, गाडी चुकेल."

"अपू ले बलाव न. थे आत हाय."

"आत कोणी नाही."

"स्वयंपाक करून रायली थे," बाबा म्हणाले. "वास येऊन रायला न."

मी श्वास आत घेतला. मला फिनेलचा वास येत होता. स्वरालीकडे बघितलं. ती रिकाम्या ओट्याकडे बघत होती आणि तिचे डोळे तिखटाच्या ठसक्यानं यावं तसे पाण्यानं भरले होते. ती खोकली. मग तिनं आजोबांचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना लिफ्टकडे नेलं.

अकोल्याला पोचल्यावर मी अंघोळही न करता स्वयंपाकघरात गेले. माझा ओटा, माझी कढई, माझ्या आईचा जड खलबत्ता. वांग्याची भाजी केली. नवरा पहिल्याच घासाला म्हणाला, "अरे वा, पुण्याला जाऊन काय शिकून आलीस?" आणि कौतुकानं आणखी वाढून घेतली.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं.

तेव्हापासून मी सगळं करून बघितलं. शेजारच्या सुशीलाबाईंना आमच्या पद्धतीची भाजी करायला लावली, तर ती आमच्या पद्धतीची झाली. फक्त मी केलेली होत नाही. नवऱ्याला फरक कळतो, पण त्याची तक्रार नाही. त्याला गोडसर आवडतं. बाबा मात्र रोज अंगणात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसतात. मी समोर गेले की सावरून बसतात आणि पाहुण्यांशी बोलावं तसं, अदबीनं बोलतात. अंग उतरलं आहे. पायजमा सैल झाला आहे.

काल दुपारी रंगनाथ काकांचा फोन आला. बाबांना भरवायचा प्रयत्न चालला होता, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला.

"आपण परत आला आहात का?" काकांनी विचारलं.

"नाही. मी अकोल्यात आहे."

"मग दत्तप्रसादला सांगा, कोणाला तरी ठेवलंय आणि मला कळवलेलं नाही. तो म्हणतो फ्लॅट रिकामा आहे. सकाळपासून वांग्याच्या भाजीचा वास येतोय. तिखट. माझे डोळे चुरचुरतायत."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"म्हणून किल्लीनं उघडून आत आलोय. कोणी नाही. ओटा कोरडा आहे."  पुढचं वाक्य त्यांनी आवाज उतरवून म्हटलं. "शेगडी गरम आहे हो."

बाबांनी हात पुढे केला आणि फोन उचलला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"अपू, जेवली काय तू?"

पलीकडून रंगनाथ काका काहीच बोलले नाहीत. नुसता कढईत काहीतरी चरचरल्यासारखा आवाज येत होता. बाबा ऐकत होते. मधेच मान हलवत होते, मधेच 'हाव' म्हणत होते. मग त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि माझ्याकडे वळले. परक्या बाईला वाईट वाटू नये, अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"थे विचारून रायली, तुमी तिच्या घरी अजून किती दिवस रायनार?"