नाकारलेल्या ऑर्डरी

नकार देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. घरात एकच ओव्हन, हाताखाली कोणी नाही, आणि लोकांना परवाच्या वाढदिवसाला तीन मजली किल्ला हवा असतो. मी वहीत बघितल्यासारखं करते आणि सांगते, "तारीख भरली आहे." पुष्कळदा ती भरलेली नसते. समोरच्याचा सूर मला आवडलेला नसतो, एवढंच.

किल्ला मागणाऱ्या शिक्षिकाबाईंना मी असंच वाटेला लावलं होतं. सोमवारी त्यांचा फोन आला. "नाही म्हणालात, पण मनावर घेतलंत हो. मुलगा जाम खूश आहे." पाठोपाठ फोटो आला. किल्ला सुरेख होता. कोणीतरी माझ्या नावावर धंदा करतंय म्हणून माझं डोकंच फिरलं. मग खालच्या कडेला क्रीमचं एक हिरवं पान दिसलं. केक उचलून पुठ्ठ्यावर ठेवताना माझा डावा अंगठा नेहमी त्याच जागी रुततो आणि तो खड्डा मी पानाखाली झाकते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त पोस्टमास्तर भेटले. बायकोच्या साठीचा केक मी त्यांनाही नाकारला होता.

"स्वतः घेऊन आलात," ते म्हणाले. "तासभर बसलात. तुम्ही इतक्या हसऱ्या आहात, हे आम्हाला माहीतच नव्हतं."

"मी आले होते?"

"चष्मा विसरला होतात. मीच मागून धावत आणून दिला की."

चष्मा सबंध आठवडा माझ्या नाकावर होता.

घरी येऊन मैदा पाहिला, अंडी पाहिली. काहीही कमी झालेलं नव्हतं. ज्याला मी नाही म्हणते, त्याच्याकडे कोणीतरी जातं. हे लक्षात आलं आणि मला मुलगी आठवली.

महिन्यापूर्वी मुलीचा फोन आला होता. तिने मला न विचारता लग्न ठरवलं म्हणून मी वर्षभर अबोला धरला होता. "आई, नोंदणी करून घरीच जेवण ठेवलंय. केक तू करशील?" तिलाही मी तेच ऐकवलं, तारीख भरली आहे. ती फक्त "बरं" म्हणाली. वहीतलं ते पान कोरं होतं. मी हट्टी आहे, दुष्ट नाही, असं स्वतःला समजावत आले. पण त्या दिवशी मला तिला दुखवायचंच होतं.

आता ते लग्न उद्यावर आलं होतं. पहाटे उठून तिच्या आवडीचा लिंबाचा केक केला. इतका चांगला केक मी आयुष्यात केला नव्हता. खोका मांडीवर धरून टॅक्सीत बसले. आपण आधी पोचायचं, एवढंच डोक्यात होतं.

मुलीनेच दार उघडलं. तिच्या हनुवटीला क्रीम लागलं होतं.

"अगं, मी आणलाय," मी म्हणाले.

तिने खोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, चांगलं नीट.

आतल्या खोलीत कोणीतरी हसलं. ते हसू मी ओळखलं. कित्येक वर्षांत ते माझ्या तोंडून आलं नव्हतं.

"तुमचा पत्ता चुकला असेल," मुलगी हळूच म्हणाली. "आमचा केक आईनेच केलाय. उन्हातून आलात, पाणी देऊ?"