सीतादहीचा दिवस

पिंगळीच्या शिवारात आईनं बाबांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा बाबांनी सायकल खांद्यावर घेतली होती. परवाच्या सरीनं काळी माती ओली झालेली. ती चाकांत गच्च बसली होती.

"सायकलच बसली की तुमच्यावर," आई म्हणाली.

बाबांनी घाम पुसला. "उतर म्हणलं तर ऐकंना."

आईला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती भरभर पुढे गेली. बाबा मात्र तिथंच – चिखलात उभे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. या पावसाळ्यात आईही गेली. ही गोष्ट दोघं भांडत भांडत सांगायचे. आता दोघांच्या वाटचं मलाच लिहायचं आहे.

बाबा, म्हणजे माणिकराव, मूळचे चुडाव्याचे. तेव्हाच्या उर्दू शाळेत शिकून किशनराव देशमुखांच्या शेतीवर नवे कारभारी म्हणून आले होते. आई, सुगंधा, पिंगळीच्या आश्रुबांची मुलगी. कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगेत ती सगळ्यांच्या पुढं असायची. त्या दिवशी पहिली वेचणी होती आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं. देशमुखांनी बाबांना बजावलं होतं, "कापूस भिजला तर तुम्ही परत चुडाव्याला."

बाबांनी सगळं चोख लावलं. कुठल्या बाईनं कुठली ओळ धरायची, कापसानं भरलेली ओटी कुठं रिकामी करायची, सगळं समजावून सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

एकही बाई वाकली नाही. सगळ्या बांधावर बसून राहिल्या.

"काय झालं?" बाबांनी आईला विचारलं.

"सीतादही राहिलं न्हवं का."

पहिल्या वेचणीला आधी कपाशीची पूजा करायची, दहीभात शिंपडायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा, ही तिथली रीत.

"उद्या करू की. पूजा काय पळून जाती?"

"मग कापूस पळून जातो का?"

"कापूस भिजंल... आन मी जाईन."

आईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुमच्या चुडाव्याला करत न्हाईत?"

"करतात. आमची आई करती."

"ठाऊक असून...?"

बाबा हळूच म्हणाले, "तू सांग ना ह्यांना. तुझं ऐकतात."

"सांगून कोण ऐकतंय? मी करते, मग त्या करतात."

बाबांनी वहाणा काढल्या आणि गावाकडे पळत सुटले. परत आले ते भाताची पुरचुंडी कमरेला बांधून, दह्याचं गाडगं छातीशी धरून. निम्मं दही सदऱ्यावर होतं.

"अगं सुगंधे," म्हातारी केवळाबाई ओरडली, "कारभाऱ्याचंच सीतादही झालं की गं!"

सगळा बांध हसला. बाबाही हसले.

पूजा झाली. आई वाकली, तशी तिच्यामागं सगळी रांग वाकली. बाबांनी शिट्टी खिशात टाकली आणि आईच्या शेजारची ओळ धरली.

"कापसासंगं पाचोळा नका ओढू, कारभारी."

"बोटं टोचायलीत."

"टोचतीलच. बोंडाकडं बघा... इकडं काय हाय?"

दुपार कलेपर्यंत शेतभर पांढरे ढीग लागले. तेवढ्यात गार वारं सुटलं, आणि आई दचकली. बायांना पुढं नेता नेता एवढा कापूस झाकायचा कशानं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं मान वर केली. चारी बांधांवर गाड्या जुंपून तयार होत्या, गाडीगाडीत ताडपत्री, भरायला दोन-दोन गडी.

"हे कवा केलंत?"

"गाडीवाल्यांना पहाटंच सांगून ठेवलं, दुपारी या म्हणून. तुमी यायच्या आधी."

सकाळच्या 'तू'चं 'तुमी' झालं होतं. आईच्या ते लगेच ध्यानात आलं.

शेवटच्या गाडीवर ताडपत्री ओढताना थेंब पडू लागले. एक टोक आईच्या हातात, एक बाबांच्या.

"ऱ्हायली तुमची नोकरी," आई म्हणाली.

"तुमच्यामुळं ऱ्हायली. मला कामं लावता येतात... पण माझ्यामागं माणसं येत न्हाईत."

आई दोरीची गाठ मारत होती. गाठ झाली तरी तिनं मान वर केली नाही.

"एक आलं, तर चालंल का?"

बाबांच्या हातातलं टोक सुटलं. ताडपत्री फडफडली.

"अवं कारभारी, कापूस!"

दोघांनी मिळून ती पकडली. बाबांनी टोक घट्ट धरून ठेवलं. गाठ मारायचं त्यांना सुचेना.

"तुमच्या वडलांना भेटायला... कवा येऊ?"

"पाऊस थांबल्यावर या," आई म्हणाली, आणि हसत बायांच्या मागं पळाली.

पाऊस दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला नाही. बाबाही थांबले नाहीत.