आबांकडची चावी

दीपकने वडिलांची गाडी शेवटी धुळ्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकली. पण ते आपल्याला अजून माहीत नाही. गाडी मेहरूणमध्ये घरासमोर कडुनिंबाखाली उभी आहे आणि तिला एकच आजार आहे: ती आपली आपण उघडते.

दीपकचं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान. गळती कायम जोडावरच सापडते, एवढंच त्याचं अध्यात्म. म्हणून घाबरायच्या आधी त्याने रिमोटचा सेल बदलला. मग गाडीची बॅटरी बदलली. मग दारातली वायर उकरली, तर आत एक वाळलेली पाल निघाली.

"सापडला बिघाड," त्याची बायको नूतन म्हणाली.

पालीला सन्मानाने निरोप देण्यात आला. दुपारी गाडी परत उघडली.

टुकटुक, लॉक. कोणीतरी चार पावलं जाऊन वळावं एवढी शांतता. टुक, उघडी. लगेच टुकटुक, परत लॉक. आणि बऱ्याच वेळाने, एकटंच, टुक.

"आबा असंच करायचे," नूतन म्हणाली.

करायचे खरे. तोताराम आबा, दीपकचे वडील, गाडी लॉक करून निघत, वाटेत वळत, उघडून बघत, परत लॉक करत. नात रूपाला तलावावर फिरवून आणलं की हा कार्यक्रम ठरलेला. रूपा कडेवरून टाळ्या वाजवायची.

"आबा दिवाळीत गेले, नूतन."

"मी कुठे म्हटलं ते आले?"

रविवारी तिघंही धुळ्याला गेले. धनसिंग नावाचा तिथला वायरमन जुन्या गाड्यांचे लॉक दुरुस्त करण्यात पटाईत. त्याने गाडीला मशीन जोडलं.

"बठ्ठ्या चाव्या पुसी टाकस. मंग तुनी एकच जोडसू. इषय खल्लास."

गाडीच्या आठवणीतल्या सगळ्या चाव्या पुसल्या. दीपकचं रिमोट अजून जोडलंही नव्हतं, तरी मशीनच्या पडद्यावर आकडा आला. चावी: एक.

धनसिंगने परत पुसलं. परत एक.

"दुसरी चावी कोठे शे, भाऊ?"

"जळाली. वडिलांसोबत. त्यांचे भाऊ झुलालकाका म्हणाले, गाडी म्हणजे भाऊना जीव व्हता, चावी सदराना खिसामा राहू द्या."

धनसिंग मोठ्याने हसला. मग हसू आवरून त्याने दीपकचं रिमोट जोडून दिलं आणि मशीन काढून घेतलं.

"रिमोट लांबून चालत नही, भाऊ. ज्याना हातमा शे, तो आठेच कोठे तरी उभा राहस."

दीपकने आजूबाजूला पाहिलं. नूतन पाण्याची बाटली आणायला गेली होती. बाकावर पाच वर्षांची रूपा एकटीच बसली होती आणि शेजारची रिकामी जागा फ्रॉकच्या घेराने पुसत होती.

परतताना एरंडोलला उसाच्या रसासाठी थांबले. मे महिना, डांबर मऊ झालेलं. रूपा मागे झोपली होती म्हणून दार उघडं ठेवून नूतन त्याला टेकून उभी राहिली. रसाचा ग्लास घ्यायला ती जरा पुढे वाकली. गरम वाऱ्याचा झोत आला. दार आपटलं.

टुकटुक.

दीपकने बटण दाबलं. टुक. हँडलला हात लागेपर्यंत टुकटुक. परत दाबलं. परत तेच. त्याच्या बोटापेक्षा ते दुसरं बोट चलाख होतं.

"अहो, काच फोडा! पोर भाजंल आत!"

रूपा जागी झाली होती. ती रडत नव्हती. आईबापाकडे बघतही नव्हती. दीपकच्या खांद्यामागे थोडं वर, उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं बघत ती मान हलवत होती. हो. हो.

दीपक मागे वळला नाही.

त्याने दगड घातला. काच फुटली.

आतून गार हवा आली. मेहरूणच्या तलावावर दिवाळीच्या पहाटे असते तशी.

"आबा म्हणाले, पप्पा हट्टी आहे," रूपा म्हणाली. "गाडी नसली तरी चालेल. घरूनच नेतो म्हणाले."

आता ती पहिली गोष्ट आठवायला हरकत नाही. दीपक तिथूनच परत धुळ्याला गेला, भंगारवाल्यासमोर गाडीचा चेंदामेंदा होईपर्यंत उभा राहिला आणि तिघं एसटीने घरी आले. आठवड्याने त्याने अर्ज केला. पोच मिळाली, ती त्याने जपून ठेवली आहे.

"प्रति, मा. अधिकारी, स्मशानभूमी विभाग.

विषय: मयतासोबत गेलेली चावी परत मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळवितो की, संबंधित वाहन नष्ट करण्यात आले आहे. अर्जदाराच्या घराच्या दाराला आतून साधी लोखंडी कडी आहे. ती रिमोटवर चालत नाही. कालपासून चालते. आधी लागते, मग उघडते, मग परत लागते. अर्जदाराची मुलगी दुपारपासून चपला घालून दाराशी बसलेली आहे. तरी सदर चावी मयताकडून तात्काळ जमा करून घेण्यात यावी, ही नम्र विनंती."