दहा लिटर जास्तीची हवा

यातला एकही आकडा मी फुगवलेला नाही. मार्च महिना, शुक्रवार, दुपारी एक ते दोन. क्वालालंपूरच्या कडेची एक नवी कचेरी, नववा मजला, खोली बारा.

इमारतींतली हवा मोजून ठीक करणं हे माझं काम. तिथे प्रत्येक जागेसाठी छतात एक डबा आहे. उच्छ्वासाची हवा वाढली की त्यातली झडप उघडते, कमी झाली की मिटते. रिकाम्या जागेला सेकंदाला चाळीस लिटर, पुढे माणसागणिक दहा.

कामावरचे माझे जोडीदार अबांग रोस्लान. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, म्हणून 'अबांग', म्हणजे दादा. त्यांच्या कागदावर सलग तीन शुक्रवार एकच नोंद होती. खोली बारा, रिकामी, पन्नास.

आमच्या वरिष्ठ मादाम ल्यू यांना ते पटेना. कॅमेऱ्यात अबांग खोलीत शिरताना एकदाही दिसले नव्हते. चहाच्या टेबलावर बसून आकडे लिहिणारे आमच्या धंद्यात पुष्कळ. नोंद खोटी निघाली तर अबांगची नोकरी जाणार होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"सुर्यानी, तू बघ. आणि आत जाऊन बघ," मादाम म्हणाल्या.

खरं सांगते, संशय मलाही होता.

दुपारी पुरुष जुम्म्याच्या नमाजाला निघाले, बायका जेवायला. मजला रिकामा झाला.

जाता जाता अबांग म्हणाले, "माझी चोरी पकडायला पाठवलंय ना तुला? पकड. पण बाहेर बसून, लॅपटॉपवर."

माझा संशय आणखी वाढला.

मी सेन्सर नवा बसवला. नळ्या फुंकून साफ केल्या. दार लावलं आणि कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप उघडून बसले; सगळ्या डब्यांचे आकडे त्यावर दिसतात.

खोली बारा, चाळीस. कॉरिडॉर, पन्नास. कॉरिडॉरमधले दहा माझे.

एक वाजून बावीस मिनिटं झाली...

खोली बारा, पन्नास.

दारावरून माझी नजर हलली नव्हती. आत कोणी गेलं नव्हतं.

हवा मोजायची कापडी टोपी घेऊन मी आत गेले. ती छताच्या जाळीला लावली.

पन्नास. हवा खरोखरच येत होती.

आत लपायला साधं कपाटही नव्हतं. मी दहा मिनिटं थांबले. आकडा साठ झाला. दहा माझे.

आणि आधीचे दहा...

अबांग खरं बोलत होते. भीतीच्या आधी मला हायसं वाटलं, हे कबूल करते. सामान उचललं, दार ओढून घेतलं, लॅपटॉपसमोर बसले.

आकडा हळूहळू उतरू लागला. मी बाहेर आले होते, तेव्हा तो पन्नासवर थांबायला हवा होता.

चाळीस.

खोली रिकामी झाली होती.

मग खालच्या ओळीकडे लक्ष गेलं...

कॉरिडॉर, साठ.

अबांग परतल्यावर मी म्हटलं, तुमचे आकडे बरोबर आहेत, मी सही करते. त्यांनी आभार मानले नाहीत.

"आत गेली होतीस?"

मी मान डोलावली.

"अबांग, मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? म्हातारा घाबरला म्हणून? तूच हसली असतीस."

ते बोलत होते माझ्याशी, पण बघत होते माझ्या खांद्यापलीकडे.

त्यांची नोकरी राहिली. आता ते माझ्यासोबत कंपनीच्या गाडीत बसत नाहीत. मोटारसायकलने येतात, भर पावसातही.

उच्छ्वासाची हवा मोजणारं छोटं यंत्र माझ्या बॅगेत असतं. मी एकटी राहते. घरात एकदा ते लावून बघितलं, तर सोक्षमोक्ष लागेल.

बॅग मी रोज दाराबाहेर ठेवते...