एका तिकिटावर दोघं

"ब्रेमेनला निघालात का?"

रीकेनं वळून पाहिलं. वाऱ्यानं विस्कटलेले केस, निळा कोट, हातात दिवसभराचं तिकीट आणि... काय हसरे डोळे होते त्याचे!

"हो... का?"

"या तिकिटावर पाच जण चालतात आणि मी एकटाच आहे. येता माझ्याबरोबर? तिकडे एक कॉफी पाजा, फिट्टंफाट!"

जर्मनीतल्या छोट्याशा ब्रूखडोर्फच्या स्टेशनावर असं कुणीही कुणाला विचारतं, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की रीकेच्या खिशात महिन्याचा पास होता! रोज त्याच पासावर ती ब्रेमेनच्या चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. 'माझ्याकडे पास आहे' एवढंच म्हणायचं होतं, पण ऐन वेळी जीभ फितूर झाली.

"चालेल की!"

तिकिटावर नावं लिहावी लागतात. त्यानं लिहिलं – थीस हान्झेन. त्याखाली – रीके बोलमन. ती दोन नावं एकाखाली एक बघून तिला उगीचच गुदगुल्या झाल्या.

गाडी सुटली तशी थीसनं हात पुढे केला. "एका तिकिटावर आलो, आता अहो-जाहो पुरे. मी थीस."

"मी रीके." हात जरा जास्तच वेळ त्याच्या हातात राहिला.

थीस चर्चमधले खोलीएवढे, नळ्यानळ्यांचे ऑर्गन दुरुस्त करायचा. "तीन महिने तुमच्या गावच्या ऑर्गनच्या पोटात बसून होतो."

"तरीच कधी दिसला नाहीस!"

"शोधत होतीस वाटतं?"

"चल, काहीतरीच!" ती लाजली. "आणि आता?"

"आता पासाउ. पार ऑस्ट्रियाच्या वेशीवर. ब्रेमेनला गाडी बदलायची. कॉफी आपली... उभ्या उभ्याच."

रीकेनं मनात हिशेब केला. म्हणजे त्याला अडवायचं तर एवढाच प्रवास हातात होता. बोलावं का? कसं बोलावं?

तेवढ्यात तिकीट तपासायला ओडेब्रेख्ट बाई आल्या. रीकेला त्या रोज बघायच्या.

"रीके? अगं, पास हरवलास की काय? कालच तर दाखवलास!"

रीके कानापर्यंत लाल झाली. बाईंनी थीसकडे पाहिलं, मग तिकिटाकडे, आणि गालात हसत पुढच्या डब्यात गेल्या.

"पास... आहे तुझ्याकडे?" थीसनं हळूच विचारलं.

"आहे..."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

आणि गाडी थांबली. मधेच, कुरणात! सिग्नल मिळेना. डबाभर लोक घड्याळं बघू लागले, 'हे नेहमीचंच' म्हणून चरफडू लागले. एकटी रीके खुशीत होती. त्याची गाडी चुकू दे... देवा, चुकू दे! जन्मात पहिल्यांदा तिला उशीर गोड लागत होता.

गाडी हलली आणि स्पीकरवर बाईंचा आवाज घुमला, "दक्षिणेकडची गाडी समोरच्याच फलाटावर आपल्यासाठी थांबवली आहे. बदलणाऱ्यांनी घाई करा!"

डब्यात टाळ्या पडल्या. असं भाग्य वर्षातून एकदा! रीकेचं तोंड मात्र एवढंसं झालं.

ब्रेमेनला दोघं उतरली. समोर गाडी दार उघडून उभी होती, खिडक्याखिडक्यांत वैतागलेले चेहरे. दारातला गार्ड ओरडला, "साहेब, येताय ना? अख्खी गाडी खोळंबलीये तुमच्यापायी!"

थीसनं बॅग उचलली.

"थीस!" रीकेचा श्वास फुलला होता. "पास होता, तरी आले... कारण तू विचारलंस. मला तू आवडलास. फार आवडलास! झालं सांगून. आता जा."

थीस गार्डकडे वळला. "सोडा गाडी! मी येत नाही."

"हे आधी सांगता येत नव्हतं?" दार धाडकन मिटलं. खिडक्यांतून लोक डोळे वटारत होते.

"अरे, पण तुझं काम?" रीके घाबरली.

"सोमवारी आहे. आज शुक्रवार." त्यानं बॅग खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले. "लवकर निघालो होतो, कारण इथं थांबायला काही कारणच नव्हतं."