तेवीस नंबरचे गुडघे

भुताच्या गोष्टीला रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पान उलटावं.

हे घडलं ते भर दिवसा. १२ मे १९८४, शनिवार. सकाळी नऊ ते दुपारी चार. जागा : पेण आणि रोह्याच्या मधला एक सरकारी दवाखाना. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

ज्याच्यावर हे बेतलं तो पुंडलिक रामवाडीत राहतो. त्याने पदरचा एक शब्द घातलेला नाही. वाढवून सांगणाऱ्यातला तो नव्हेच.

गाळून सांगितलं ते एकदाच... आणि तेच त्याला खातंय.

पुंडलिक मढ्यांच्या खोलीवरचा शिपाई. सातवी नापास. पण चौदा वर्षं मढी उचलून, धुऊन, शिवून जे कळलं ते पक्कं. माणूस मेला की आखडायला लागतो. आधी जबडा, मग मान, मग हात, आणि सगळ्यात शेवटी गुडघे. काही तासांत सगळा लाकूड. मग त्याच क्रमाने सैल. डॉक्टर लोक त्याला रिगर मॉर्टिस म्हणतात. पुंडलिक म्हणायचा, ताठ चढला.

आणि एकदा उतरलेला ताठ परत चढत नाही. मोडून काढलेलाही चढत नाही.

कधीच नाही.

कमळाकर डॉक्टर त्या वर्षी पदवीसाठी संशोधन करत होते. कोकणच्या उकाड्यात मढं किती वेळात ताठतं, हा विषय. तीस मढी तपासायची, दर तासाला सांधे बघायचे, तक्त्यात लिहायचे. सांधे बघायचा पुंडलिक. नाव डॉक्टरांचं. ठीक आहे, गरिबाला त्याची सवय असते. पण पुंडलिक जेवायला गेला की त्या तासाच्या चौकटी डॉक्टर क्वार्टरमध्ये बसून भरायचे. पुस्तकात बघून.

पुंडलिकने एकदा हटकलं होतं. "साहेब, बघितलं नाय तर चौकट रिकामी ठेवा."

"रिकाम्या चौकटीला पदवी देत नाहीत रे," म्हणून डॉक्टर हसले होते.

त्या शनिवारी नऊ वाजता टेम्पोतून ठमाबाई आली. डॉक्टरांच्या तक्त्यात तेवीस नंबर. मिठागरावर राबणारी. वय तिशीच्या आत. बांधाजवळ पालथी सापडली, डोक्याला मागून मार. पडून लागला की कुणी मारला, ते मारावरून सांगता येईना. सोबत आलेल्या सगुणाने सांगितलं, बायका सहाला मीठ ओढायला गेल्या तेव्हा ती तिथेच पडलेली होती. नवरा नाथा पहाटे पाचच्या एसटीने रोह्याला कंपनीत गेला होता, पहिल्या शिफ्टला. बायको चारलाच मिठागरावर गेली, असं तो सांगत होता. आदल्या रात्री दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. साऱ्या आळीने ऐकलेलं.

म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. बाई रात्री मेली, तर नाथा घरात होता. पहाटे पाचनंतर मेली, तर नाथा सुटला.

पुंडलिकने हात लावला. जबडा ताठ. मान ताठ. कोपर जेमतेम.

गुडघे सैल. पाय उचलला तर लुळा लोंबला.

पहाटेचं मरण. चार तासांच्या वर नाही. त्याने आपल्या वहीत लिहिलं, नऊ वाजता गुडघे सैल. तिच्या तोंडावर माशा घोंगावत होत्या. मे महिना, त्यात काही नवल नाही.

डॉक्टर अकराला आले. कुठल्याच मढ्याला ते हात लावत नसत. फूटपट्टीने गुडघा ढकलून पाहिला आणि म्हणाले, "पूर्ण ताठ. बारा तास तरी झाले. लिही, रात्रीचं मरण."

पुंडलिक पुढे झाला. मघाशी लोंबणारा पाय त्याने धरला...

लाकूड.

दोन तासांत चढला असेल, तो स्वतःला म्हणाला. घाम पुसला. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

खोलीत एकही माशी नव्हती.

पाऊण तास गेला असेल. डॉक्टर कधीच निघून गेले होते. पुंडलिक मोरीत बादली भरत होता.

टक...

सुकलेली फांदी वाकवावी तसा आवाज. मागे.

तो वळला. ठमाबाईचा डावा पाय टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. हळूहळू हलत होता.

आणि माशा परत आल्या होत्या.

त्याने दोन्ही गुडघे वाकवून पाहिले. सैल. मान मात्र तशीच ताठ. सकाळी होतं तसं, जसंच्या तसं. जणू मधला वेळ गेलाच नाही. चौदा वर्षांत असं त्याने पाहिलं नव्हतं. पण भीती नंतरची. आधी चढला तो संताप. आत्ता डॉक्टरने बघावं, याच घडीला, स्वतःच्या हाताने.

निरोप धाडला, तर डॉक्टर जेवत होते. मग पान खात होते. मग दीड वाजला.

दीडला ते आले तेव्हा माशा नव्हत्या. पुंडलिक टेबलाकडे धावला. त्याने गुडघा धरला.

लाकूड.

"झोप काढलीस काय?" डॉक्टर म्हणाले. मग सगुणाला आत बोलावून दरडावलं, तुम्हीच बायकांनी सकाळी गरम पाण्याने चोळून पाय सरळ केले असणार, म्हणून या गाढवाला सैल लागले. खाडीकडच्या गावांत तशी रीत आहेच. मढं वाकडं न्यायचं नाही.

सगुणा पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमी तिला हातबी नाय लावला, साहेब. पोलीस ओरडतील म्हणून तिच्या डोक्याखाली उशीबी नाय दिली."

डॉक्टर गेले. दोन वाजता... टक.

सैल.

पुंडलिक भिंतीला टेकून खाली बसला. रडू येईल असा राग. "बाई गो," तो त्या मढ्याला म्हणाला, "मी तुझ्या नवऱ्याला सोडवाया बघतोय. तू त्याच्यासमोर अशी का करतेस?" त्याच्यासमोर म्हणजे डॉक्टरसमोर. निदान पुंडलिकला तसंच म्हणायचं होतं.

चारला डॉक्टर चिरफाड करायला आले. ताठ. लोखंडाची कांब जशी.

पुंडलिकच्या वहीत सहा ओळी झाल्या होत्या. नऊ, सैल. अकरा, ताठ. पावणेबारा, सैल. दीड, ताठ. दोन, सैल. चार, ताठ. बघितलं ते लिहिलं, एकही चौकट मनाने भरली नाही. आणि ती खरी वही कुणी वाचली असती तर त्याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवला असता. सहाही ओळी दाखवल्या तर पहिली ओळसुद्धा कोण खरी मानणार?

म्हणून त्याने ते पान फाडलं. नव्या पानावर एकच ओळ उतरवली. नऊ वाजता गुडघे सैल.

नाथावर खुनाचा खटला झाला, तेव्हा अलिबागच्या कोर्टात ती ओळ उभी राहिली. डॉक्टरांच्या तक्त्यातही नऊची चौकट भरलेली होती : पूर्ण ताठ. नाथाच्या वकिलाने बाह्यरुग्णांचं रजिस्टर काढून दाखवलं, त्या तासाला डॉक्टर बावीस पेशंट तपासत होते. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. पुंडलिकच्या जिवाला आयुष्यात एवढं गार कधी वाटलं नव्हतं.

वकिलाने विचारलं, नंतर काही नोंदी घेतल्या का?

"नाय," पुंडलिक म्हणाला.

नाथा सुटला. डॉक्टरांना पदवीही मिळाली, तेवीस नंबर वगळून. या देशात तेवढं चालतं.

दोन वर्षांनी पेणच्या एसटी स्टँडवर हैबतराव भेटले. त्या केसमधले हवालदार, आता निवृत्त. चहा पाजला, जुन्या गोष्टी निघाल्या.

"पुंडल्या, त्या दिवशी जीपने माझी कंबर मोडली रे," ते म्हणाले. "त्या नाथ्याला घेऊन तुमच्या दवाखान्यात तीन खेपा. अकराला ओळख पटवायला, तर डॉक्टर म्हणे आत्ता नको. दीडला पंचनाम्यावर अंगठा. चारला मढं ताब्यात द्यायला. दर खेपेस तुझ्या खोलीच्या भिंतीला टेकवून बसवलेला. मागच्या बाजूला."

पुंडलिकने कप खाली ठेवला.

अकरा. दीड. चार.

त्याला वाटत होतं, ती डॉक्टरसमोर ताठते. डॉक्टर खोटा, म्हणून. खोलीबाहेर दुसरं कोण आहे, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. वहीत त्याची चौकटच नव्हती. ज्या चुकीसाठी त्याने डॉक्टरला कोर्टात उघडं पाडलं, तीच त्याने केली होती. जे उत्तर हवं होतं तेवढंच ठेवलं.

मग बाई रात्री मेली होती की पहाटे? नवरा भिंतीपलीकडे आला की ती काय सांगत होती? की काहीच सांगत नव्हती, नुसतीच भीत होती? मेल्यावरसुद्धा?

फाडलेलं पान त्याने त्याच दिवशी चुलीत घातलं होतं.

तिथूनच एसटी धरून तो गडब गावाला उतरला. नाथाने तिथे नवं घर केलं होतं. नाथा शिफ्टला गेलेला. दारात एक कोवळी बाई आली. मालू, दुसरी बायको. पोटुशी होती. पुंडलिकने नाव सांगितलं तशी तिने पदर सावरला आणि वाकून त्याच्या पाया पडली.

"तुमच्यामुलंच आमचे मालक सुटले," ती म्हणाली.

तिच्या मनगटावर हिरवा डाग होता. बांगडीचा असेल. पडून लागलं असेल.

पुंडलिक पाणीही न पिता परतला. सांगायचं तरी काय होतं? मी एक ओळ ठेवली आणि पाच जाळल्या, हे सांगायचं? आणि सांगून ती कुठे जाणार होती?

त्या शनिवारला पाच वर्षं झाली. तो अजून त्याच खोलीवर आहे. वही ठेवणं मात्र त्याने बंद केलं. सांधे बघायला सांगितलं की तो साहेबांनाच हात लावायला सांगतो.

आणि गडबकडून टेम्पो आला, की फडकं उचलण्याआधी तो बाहेरच विचारतो...

"बाई हाय काय? नाव काय तिचं?"